न जन्मलेल्या सशांचा हिशेब

(एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्या सरांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हाला प्राणिशास्त्र शिकवलं. त्यांच्या तासाला फळ्यावर हमखास यायच्या त्या दोन लाटा. पांढऱ्या खडूची लाट सशाची, पिवळ्या खडूची लिंक्स नावाच्या उत्तरेकडच्या रानमांजराची. पांढरी वर चढली की पिवळी तिच्या मागोमाग चढे. पांढरी कोसळली की वर्षा-दोन वर्षांत पिवळीही कोसळे. खाली सर एकच शब्द लिहीत : कॅनडा. आम्ही ती आकृती वहीत उतरवली, परीक्षेत काढली आणि पाचपैकी पाच गुण घेऊन विसरलो.

एकदा मात्र मी विचारलं होतं, "सर, लिंक्सने खाल्ले म्हणून ससे संपले, की ससे आपोआप संपले म्हणून लिंक्स उपाशी मेले?" सर हात झटकत म्हणाले, "शोध, आणि सापडलं की मला येऊन सांग." मला सापडायला फार वर्षं लागली. सर थांबले नाहीत. तेव्हा आजचं व्याख्यान हे एका उशिरा दिलेल्या उत्तराचा कागद समजा.

हा प्रश्न फक्त परीक्षेचा नाही. माझे एक मामा सोलापूरकडे माळावर राहतात. मी गेलो की त्यांची एक तक्रार ठरलेली : "कोल्ही लई माजलीत. आता ससा नावाला दिसत न्हाई. तितर बी गेला." जगात जिथे जिथे माणूस ससे-तितरांची शिकार करत आला, तिथे हेच वाक्य त्या त्या भाषेत बोललं जातं. कॅनडातला फासेवाला लिंक्सला बोल लावतो, प्रेअरीच्या गवताळ मैदानातला शेतकरी कोयोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याला, स्कॉटलंडमधला राखणदार ससाण्याला. उपायही सगळीकडे सारखाच सुचतो : खाणारे मारा, म्हणजे खाल्ले जाणारे वाढतील. वजाबाकी सोपी आहे. शंभर सशांतले कोल्ह्यांनी चाळीस नेले, तर कोल्हे नसते तर शंभरच्या शंभर राहिले असते. आजच्या तासाभरात मला ही वजाबाकी कुठे चुकते ते दाखवायचं आहे. त्यासाठी आधी एका व्यापारी कंपनीच्या वह्या उघडाव्या लागतील.

हडसन्स बे कंपनीला इंग्लंडच्या राजाची सनद मिळाली २ मे १६७० रोजी. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली ती याच वर्षी. हडसन उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांच्या खोऱ्यांत व्यापार करण्याची मक्तेदारी या कंपनीला मिळाली. क्री, डेने आणि इतर मूळ रहिवासी जनावरं धरायचे, कातडी ठाण्यावर आणायचे आणि बदल्यात बंदुका, घोंगड्या, भांडी, सुऱ्या घेऊन जायचे. कंपनीचा कारकून प्रत्येक कातडं लिहून ठेवायचा. त्याला निसर्गशास्त्राशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला लंडनला हिशेब पाठवायचा होता. पण अडीचशे वर्षं न चुकता लिहिलेला हिशेब हा कुठल्याही शास्त्रज्ञाच्या टिपणवहीपेक्षा मोठा होतो. ही कंपनी पुढे दुकानांची साखळी झाली आणि २०२५ च्या जूनमध्ये तिची शेवटची दुकानंही बंद पडली. वह्या मात्र विनिपेगच्या अभिलेखागारात शाबूत आहेत.

त्यातली मॅकेन्झी नदीच्या प्रदेशाची लिंक्सची नोंद पाहा. १८२१ साली २६९ कातडी आली. त्यानंतर दरवर्षी आकडा फुगत गेला आणि १८२८ साली ५,९४३ वर पोचला. चार वर्षांनी, १८३२ साली, फक्त ९८. मग पुन्हा चढण, पुन्हा घसरण. १८२१ ते १९३४ या ११४ वर्षांत सर्वांत कमी ३९ आणि सर्वांत जास्त ६,९९१. शिखरापासून शिखरापर्यंत साधारण नऊ-दहा वर्षं. ही आकड्यांची माळ आज संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना 'आर' नावाच्या संगणकप्रणालीत आयती मिळते. पुण्या-मुंबईत बसून तिच्यावर सराव करणाऱ्या किती मुलामुलींना ठाऊक असेल, की हा प्रत्येक आकडा म्हणजे बर्फातून कुणीतरी पाठीवर वाहून आणलेला भारा आहे?

या वह्यांमधलं निसर्गशास्त्र ओळखलं ते चार्ल्स एल्टन या ऑक्सफर्डच्या तरुणाने. गॉर्डन ह्युइट या कॅनडातल्या कीटकशास्त्रज्ञाचं वन्यजीवांवरचं पुस्तक १९२१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. त्यात कंपनीच्या कातड्यांचे आलेख होते. एल्टनने ते पाहिले, पुढे कंपनीचा सल्लागार झाला, आणि १९४२ साली मेरी निकोलसन यांच्यासह लिंक्सच्या दहा वर्षांच्या चक्रावरचा शोधनिबंध लिहिला. त्यातल्या नोंदी १७३६ पर्यंत मागे जातात. त्याने आणखी एक साधी गोष्ट केली. १९३१ पासून कॅनडाभरच्या ठाण्यांना आणि फासेवाल्यांना प्रश्नावल्या धाडल्या. मुख्य प्रश्न एवढाच, की गेल्या वर्षीपेक्षा ससे वाढले, घटले की तेवढेच आहेत? या उत्तरांची छाननी पुढे डेनिस आणि हेलन चिटी यांनी केली. चिटींकडून हे वेड चार्ल्स क्रेब्ज यांच्याकडे गेलं. घराण्याची गायकी शिष्याकडे जावी तसा हा सशाचा प्रश्न तीन पिढ्या हातोहात गेला.

आता या सशाबद्दल. इंग्रजीत त्याच्या नावातच बर्फात घालायचे बूट आहेत, कारण मागचे पाय एवढे रुंद की भुसभुशीत बर्फावर तो रुतत नाही. हिवाळ्यात पांढरा होतो, उन्हाळ्यात तपकिरी. बीळ करत नाही, झुडपाखाली बसतो. थंडीत त्याचा आहार म्हणजे वाळुंजाच्या आणि खुज्या भूर्जाच्या डहाळ्या. मादी सदतीस-एक दिवसांत विते, आणि चांगल्या वर्षी एका उन्हाळ्यात तीन-चार वेळा. चढत्या काळात एका मादीमागे वर्षाला सोळा-अठरा पिल्लं होतात. लिंक्सचा सारा संसार या एका प्राण्यावर. त्याचेही पंजे बर्फासाठी रुंद झालेले. दिवसाला, फार तर दोन दिवसांनी, एक ससा त्याला लागतोच.

मूळ रहिवाशांच्या पोटाचाही हा आधार होता. तारेचे किंवा दोऱ्याचे फासे वाटेवर लावून ससे धरायचं काम तिथे बायका-मुलंही करत. आपल्याकडचे फासेपारधी जी विद्या जाणत, तीच ही. सशाचं मांस मात्र इतकं कमी चरबीचं, की चरबीवाचून नुसतं तेच खाल्लं तर पोट भरूनही माणूस खंगतो. मॅनिटोबात जन्मलेले ध्रुवप्रदेशाचे संशोधक विल्यालमुर स्टेफान्सन यांनी या 'सशाच्या उपासमारी'बद्दल लिहून ठेवलं आहे. आणि ज्या वर्षी ससेच संपत, त्या वर्षी खरी उपासमार. चक्र हा शब्द आपण सहज वापरतो. त्या लोकांना त्याचा अर्थ चुलीवर कळत होता.

तर सरांच्या दोन लाटा इथून आल्या. पण त्यांत एक भानगड होती. टोरांटोच्या डंकन मॅकलुलिच यांनी १९३७ मध्ये मांडलेली ही जोडी पाठ्यपुस्तकांत अजरामर झाली, आणि १९७३ साली मायकेल गिल्पिन या गणिती अभ्यासकाने ती समीकरणात घालून पाहिली. लोटका आणि व्होल्टेरा या दोघांनी १९२५-२६ च्या सुमारास भक्ष्य-भक्षकांचं जे गणित मांडलं होतं, तेच हे. उत्तर उलटं आलं. काही काळात लिंक्सची लाट आधी आणि सशाची मागून. म्हणजे आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर ससेच लिंक्सना खात होते! गिल्पिनने निबंधाच्या नावातच तो प्रश्न विचारला. दोष आकड्यांत होता : सशांची आणि लिंक्सची नोंद एकाच प्रदेशातली नव्हती, आणि कातडी कधी, किती आली हे जनावरांइतकंच माणसांवरही अवलंबून होतं. गंमत पुढेच आहे. अलीकडे युकॉनमधल्या अभ्यासकांनी मेलेल्या जनावरांपाशी कॅमेरे लावले, तेव्हा भर थंडीत मेलेल्या लिंक्सचं मांस कुरतडणारा ससा खरोखरच टिपला गेला. अर्थात मेलेल्याचं. तरी पंचतंत्रात सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावणाऱ्या सशाचा हा लांबचा नातेवाईक म्हणायला हरकत नाही.

वह्यांतून प्रश्न कळतो, उत्तर कळत नाही. वही सांगते की दोन गोष्टी बरोबरीने घडल्या. एकीमुळे दुसरी घडली का, हे सांगत नाही. आणि इथे एक फार जुना, फार वजनदार आक्षेप होता. अमेरिकेत आयोवाच्या दलदलींत पॉल एरिंग्टन यांनी मस्करॅट या पाणउंदरांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की एखादी जागा काही ठरावीक जनावरांनाच थारा देते. उरलेली बेघर, उघड्यावर पडलेली. शिकारी प्राणी मुख्यतः याच जास्तीच्यांना उचलतो. त्याने उचललं नसतं तर थंडीने, भुकेने, आपसातल्या मारामारीने ती मेलीच असती. म्हणजे वसंतात उरणारी संख्या तीच. हे खरं धरलं, तर मामांच्या वजाबाकीतले ते चाळीस ससे कोल्ह्याच्या नावावर टाकणं हाच खोटा हिशेब. मेला तो मरणारच होता.

मग कोण बरोबर, मामा की एरिंग्टन? वाद घालून हे सुटत नाही. कुंपण घालून सुटतं.

ते कुंपण घातलं गेलं कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात, युकॉन प्रदेशातल्या क्लुएन सरोवराच्या परिसरात. पश्चिमेला सेंट इलायस पर्वतरांग, त्यात ५,९५९ मीटर उंचीचं लोगन शिखर. पायथ्याशी स्प्रूसचं काळपट जंगल, मधून १९४२ साली युद्धकाळात काढलेला अलास्का महामार्ग. १९८६ ते १९९६ या दहा वर्षांत क्रेब्ज, स्टॅन बुटीन, रूडी बूनस्ट्रा, टोनी सिंक्लेअर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या जंगलात एकेक चौरस किलोमीटरचे तुकडे आखले. काही तुकडे जसेच्या तसे ठेवले. काहींत सशांना वर्षभर आयतं खाद्य घातलं. काहींत विमानातून खत टाकलं. एका तुकड्याभोवती विजेचं कुंपण घातलं, म्हणजे लिंक्स आणि कोयोटी आत येणार नाहीत. घुबडं आणि गोशॉक हे ससाण्यासारखे शिकारी पक्षी वरून येतच राहिले, त्यांना कोण अडवणार? आणि एका तुकड्यात कुंपणही घातलं, खाद्यही दिलं. शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीत विजेचं कुंपण चालू ठेवणं म्हणजे काय, हे तिथे हिवाळे काढलेल्या विद्यार्थ्यांनाच माहीत. सशांना पकडून, खुणेचा बिल्ला लावून सोडायचं, काहींच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधायचा, ससा हालेनासा होऊन पट्ट्याचा सूर बदलला की धावत जायचं आणि बर्फावरच्या ठशांवरून, उरलेल्या हाडा-केसांवरून ठरवायचं की मारणारा कोण. थोडक्यात, पंचनामा. शिवाय आखलेल्या पट्ट्यांत लेंड्या मोजायच्या, हे तर वर्षानुवर्षांचं व्रत.

या दहा वर्षांत सशांनी एक पुरं चक्र काढलं. १९९५ साली आकडे प्रसिद्ध झाले. शिखर आणि उतरण या काळांची सरासरी धरली, तर मोकळ्या तुकड्याच्या मानाने कुंपणाच्या तुकड्यात ससे दुप्पट. नुसत्या खाद्याच्या तुकड्यात तिप्पट. आणि जिथे कुंपणही होतं, खाद्यही होतं, तिथे? दोन्हींतल्या वाढीची बेरीज केली तर चौपट यावं. गुणाकार केला तर सहापट. आले अकरापट.

या अकरावर जरा थांबू या. नुसते दात किंवा नुसतं पोट हे कारण असतं, तर एक उपाय पुरला असता आणि दुसऱ्याने फारसा फरक पडला नसता. इथे दोन्ही मिळून दोघांच्या गुणाकाराच्याही पुढे गेले. म्हणजे भूक आणि भक्षक ही दोन वेगळी कारणं नव्हती. ती एकमेकांना हात देत होती. अल्बर्टात १९६१ पासून सशांचा अभ्यास करणारे लॉइड कीथ म्हणत, की आधी हिवाळ्यातली डहाळी संपते, ससा भुकेने उतरणीला लागतो आणि मग भक्षक त्याला खाली रेटतात. क्लुएनच्या पंचनाम्यांत मात्र नुसत्या भुकेने मेलेले ससे फारच थोडे निघाले. मेलेल्यांतले बहुतेक सगळे कुणी ना कुणी मारलेले होते. मग भूक शिरली कुठून? डेव्हिड हिक यांनी याच जंगलात त्याचा एक माग काढला. शत्रू फार झाले की ससा चांगल्या चाऱ्याची उघडी जागा सोडतो आणि दाट झाडीत दडून निकृष्ट खातो. जीव वाचतो, वजन घटतं. चारा समोर असतो, पण तिथवर जायची हिंमत नसते. कर्फ्यू लागलेल्या गावात दुकानं भरलेली असूनही घरात पीठ संपावं, तसं.

आणि पंचनाम्यांत एक धक्का होता. सशाची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. आई त्यांना दिवसातून एकदाच, सूर्य बुडाल्यावर येऊन पाजते. एरवी ती एकटी. मार्क ओडोनाह्यू यांनी अशा पिल्लांना इवले रेडिओ लावले, तेव्हा मारेकऱ्यांच्या यादीत सर्वांत वर लिंक्स निघाला नाही. निघाल्या खारी! झाडावरची लाल खार आणि जमिनीत राहणारी आर्क्टिक खार. जिच्या पाठीवरून रामाने बोटं फिरवली असं आपण सांगतो, त्या खारीच्या बहिणी. बारक्या शिकारीचा शत्रू शोधायला निघालेला माणूस नेमका याच ठिकाणी चुकतो. तो मोठ्या दातांकडे पाहतो.

आता मी आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. सशांची संख्या कोसळली की लिंक्सही वर्ष-दोन वर्षांत कोसळतात. काही उपाशी मरतात, काही शेकडो किलोमीटर चालून जातात. चारा पुन्हा वाढतो. भक्षक नाहीत, चारा आहे, तर ससे लगेच उसळायला हवेत. ते उसळत नाहीत. दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त, खालीच पडून राहतात. उतरणीच्या काळात एका मादीची वर्षाची पिल्लं सोळा-अठरावरून निम्म्याहून खाली आलेली असतात. का? मारणारे तर निघून गेले.

बूनस्ट्रा यांनी १९९८ मध्ये याचं उत्तर सशाच्या रक्तात शोधलं. सतत पाठलागाच्या छायेत जगणाऱ्या सशाच्या अंगात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, चढलेलं राहतं. मायकेल शेरीफ यांनी पुढचं पाऊल टाकलं. रानातून धरलेल्या गाभण माद्या पिंजऱ्यांत ठेवल्या आणि गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या पिंजऱ्यात एक शिकवलेला कुत्रा थोडा थोडा वेळ आणला. कुत्र्याने कुणाला दात लावला नाही. फक्त आला आणि गेला. त्या माद्यांपैकी जिवंत पिल्लं देणाऱ्या कमी निघाल्या, आणि झालेली पिल्लं वजनाने हलकी, अंगाने लहान. रानातल्या सशांच्या लेंड्यांतही ताणाची हीच खूण सापडली. ज्या आईच्या अंगात ताण जास्त, तिच्या पिल्लांच्या अंगातही तो जास्त. भक्षक रानातून गेला, तरी आईच्या पोटातून पुढच्या पिढीत उतरला.

आपल्या गोष्टीतला ससा आठवा. पाठीवर पान पडलं आणि आभाळ कोसळलं म्हणून तो पळत सुटला. लहानपणी आपण त्याला हसलो. भित्रेपणाला आपल्याकडे सशाचं काळीज म्हणतात. पण त्या काळजाला किंमत मोजावी लागते, आणि ती पिल्लांच्या हिशेबात मोजावी लागते, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हे सशापुरतंच नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यालगतच्या छोट्या बेटांवर लियाना झानेट आणि सहकाऱ्यांनी साँग स्पॅरो या चिमणीएवढ्या पक्ष्यावर प्रयोग केला. घरट्यांना जाळी आणि विजेचं कुंपण, म्हणजे खरा शत्रू पोचणारच नाही. मग हंगामभर काही ठिकाणी शत्रूंचे आवाज ध्वनिवर्धकावरून ऐकवले, काही ठिकाणी निरुपद्रवी प्राण्यांचे. एकही अंडं कुणी पळवलं नाही. तरी भीती ऐकलेल्या जोड्यांची वर्षाची पिल्लं ४० टक्क्यांनी कमी. हा निबंध २०११ चा. अंडी कमी, उबवणं कमी, भरवणं कमी. आईबापांचा जीव चाऱ्याऐवजी आवाजात.

श्रोतेहो, हडसन्स बे कंपनीच्या वहीत या पिल्लांची नोंद नाही. कारकुनाला दोष नाही. कातडं आलं तर तो लिहिणार. जे जन्मलंच नाही, त्याचं कातडं कुठून येणार? मामांची वजाबाकी दोन्ही बाजूंनी चुकते ती इथे. कोल्ह्याने खाल्लेले काही ससे नाहीतरी मरणारच होते. ते त्याच्या नावावर टाकणं चूक. आणि कोल्ह्याने न खाल्लेले, पण त्याच्या धाकाने जन्मालाच न आलेले ससे आहेत. ते त्याच्या नावावर न टाकणंही चूक. नुसती मढी मोजून हे दोन्ही कळत नाही.

आता व्यवहाराचा प्रश्न. भक्षक कमी केले तर बारकी शिकार वाढते का? कधी कधी वाढते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वीडनमध्ये लाल खोकडांत खरजेची साथ पसरली आणि ती पटापट मेली. तिथे ससे आणि रानकोंबड्यांच्या जातीचे पक्षी वाढले. साथ ओसरून खोकडं परतली, तसे ते पुन्हा घटले. म्हणजे दातांना किंमत आहे. पण तो खरजेचा किडा देशभर, वर्षानुवर्षं, विश्रांती न घेता काम करत होता. माणसाला तसं जमतं का? सस्कॅचेवान प्रांताने २००९-१० च्या हिवाळ्यात गुराढोरांच्या रक्षणासाठी कोयोटीच्या डोक्याला २० डॉलर लावले. त्या एका हिवाळ्यात सुमारे ७१,००० कोयोटी मारले गेले. कोयोटी अजून आहे. अप्पर कॅनडाने, म्हणजे आजच्या ओंटारिओने, लांडग्यावर इनाम लावलं १७९३ मध्ये आणि ते उठवलं १९७२ मध्ये. पावणेदोनशे वर्षं बक्षीस देऊनही लांडगा राहिलाच. जो संपतो, त्याची जागा शेजारून दुसरा येऊन घेतो. आणि सशांच्या दहा वर्षांच्या चक्रात तर एक फसवा भाग आहे. ससे तळाला असताना भक्षक मारायला घेतले, की पुढे ससे वाढणारच. ते आपल्यामुळे वाढले असं वाटतं. पाऊस येण्याच्या सुमारास बेडकाचं लग्न लावावं, तसं.

कधी उलटंही घडतं. न्यूफाउंडलंड बेटावर मूळचा ससा एकच, मोठा आर्क्टिक ससा. लिंक्स तिथे विरळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसांनी मांसासाठी मुख्य भूमीवरचा बर्फी ससा तिथे आणून सोडला. तो भराभर वाढला, त्याच्या जिवावर लिंक्स वाढले. मग नवा ससा कोसळला, आणि भुकेले लिंक्स आर्क्टिक सशावर आणि कॅरिबू हरणांच्या पाडसांवर वळले. आर्क्टिक ससा उघड्या माळमाथ्यांवर रेटला गेला. आर्थर बर्गेरूड यांनी हे उलगडून दाखवलं. एका सशाने दुसऱ्या सशाला लिंक्सच्या तोंडून मारलं म्हणायचं. क्लुएनमध्येही ससे संपले की भक्षक खारींवर आणि रानकोंबड्यांवर उतरत. म्हणून एखाद्या ठिकाणचं जनावर कमी झालं, तर त्याचा शत्रू कोण एवढंच विचारून भागत नाही. त्या शत्रूला एरवी पोसतं कोण, हेही विचारावं लागतं.

हा शेवटचा प्रश्न घेऊन मी सोलापूरच्या माळावर परत येतो. मामांच्या कोल्ह्यांना पोसतं कोण? गावाबाहेर फेकलेली मेलेली कोंबडी, उकिरडा, ऊस. माळावर रात्री कोल्ह्यापेक्षा जास्त कोण फिरतं? मोकाट कुत्री, ज्यांना घरी भाकरी मिळते आणि सशामागे धावणं हा वर खेळ. शेरीफच्या पिंजऱ्यात आलेला कुत्रा एक होता आणि थोड्या वेळाने निघून जात होता. इथे ती रात्रभर आहेत. आणि ससा वितो ते गवत? ते कालव्याच्या पाण्याखाली, नांगराखाली, फार्महाउसच्या कुंपणाआड किती गेलं? हे मी ठामपणे सांगत नाही. इथे कुणी दहा वर्षं कुंपण घातलेलं नाही, लेंड्या मोजलेल्या नाहीत. पण कोल्ह्याला फाशी देण्याआधी साक्षीदार तपासावेत, एवढं क्लुएनने शिकवलं.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर मग असं. सर, लिंक्सने खाल्ले म्हणूनच ससे कोसळले. पण तो एकटा नव्हता. त्याच्या हाताशी भूक होती. आणि तो गेल्यावरही ते वर आले नाहीत, ते त्याच्या आठवणीने. फळ्यावर तुम्ही दोन लाटा काढत होता. तिसऱ्या रेघेला तेव्हा खडू नव्हता.

गेल्या दिवाळीत हे सगळं मी मामांना ओट्यावर बसून सांगितलं. क्लुएन, कुंपण, कुत्रा, अकरापट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग तंबाखू मळत विचारलं, "म्हंजी ससं कशानं गेलं हे कळाया धा वर्सं मोजाया लागतील?"

मी म्हटलं, "हो मामा. निदान दहा."

त्यांनी समोर हात केला. जिथे त्यांच्या लहानपणी कुसळी गवत होतं, तिथे प्लॉटचे दगड रोवून चुना मारलेला होता. म्हणाले, "तवर माळ ऱ्हाईल का?"